सरसकट ग्रीस नको, आणि रंग तर शेवटीच

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुन्या स्पोर्ट्स कार घरच्या घरी दुरुस्त करून उभ्या करण्याविषयीचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. विषय घेतलात हे बरे झाले. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात वाड्याच्या पडवीत नाहीतर बंगल्यामागे ताडपत्रीखाली पडून असलेल्या गाड्या आजही सापडतात, आणि त्या बाहेर काढण्याची हौस तरुण मुलांत वाढते आहे. मात्र लेखातले काही सल्ले तसेच्या तसे पाळले तर पैसे वाया जातील आणि एक सल्ला थेट जिवावर बेतेल. "पावसाळ्यापूर्वी पुढच्या सगळ्या जोडांना ग्रीस मारून घ्यावे" हे वाक्य ट्रायम्फ स्पिटफायरच्या फोटोखालीच छापले गेले आहे. नेमके त्या गाडीला ते चालत नाही. म्हणून हे सविस्तर पत्र. लांब झाले आहे याची कल्पना आहे. जागेअभावी कापायचेच झाले तर रंगाचा भाग कापा, ट्रनियनचा, म्हणजे पुढच्या चाकाच्या खालच्या पितळी जोडाचा, ठेवा.

स्पिटफायर १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडात कॉव्हेंट्रीला बनली. आपल्याकडे ती मोजकीच आली. पण तिची थोरली बहीण हेराल्ड ही मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९६१ पासून इथे बनवली, आणि स्पिटफायरचे पुढचे सस्पेन्शन, स्टिअरिंग, गिअरबॉक्स, डिफरन्शियल हे सगळे हेराल्डच्याच कुळातले. त्यामुळे ज्यांच्या दारात स्टँडर्ड हेराल्ड उभी आहे त्यांनाही खालचे बरेचसे लागू पडेल.

आता ट्रनियन. या गाड्यांत पुढच्या चाकाचा भार पेलणारी एक उभी पोलादी दांडी असते, तिला व्हर्टिकल लिंक म्हणतात. तिच्या खालच्या टोकाला आटे असतात आणि ती पितळी ट्रनियनमध्ये बोल्टासारखी फिरवून बसवलेली असते. स्टिअरिंग वळवले की दांडी या आट्यांत फिरते. म्हणजे गाडी वळते ती आट्यांवर, आणि रस्त्याचा प्रत्येक धक्काही त्याच आट्यांवर येतो. कंपनीच्या पुस्तिकेत इथे ईपी ९० गिअर ऑइल घालायला सांगितले आहे, ग्रीस नाही. कारण साधे आहे. तेल आट्यांच्या फटीतून वर चढते आणि सगळीकडे पोहोचते. ग्रीस तोंडाशीच थांबते, वर्षभरात वाळून तिचा खडा होतो आणि तेलाची वाट कायमची बंद होते. मग वरच्या रबरी सीलमधून पावसाचे पाणी आत उतरते, तिथेच साचते, पोलादाला गंज चढतो आणि आटे धरतात. धरलेल्या आट्यांत दांडी फिरत नाही, पिळली जाते. असे पिळ बसून बसून ती आट्यांच्या वरच्या कडेला तुटते आणि चाक मडगार्डखाली दुमडते. बहुतेक वेळा हे गाडी लावताना, पूर्ण वळण घेऊन हळू चालवताना होते, कारण तेव्हाच पीळ सर्वात जास्त. पण चोर्ल्याच्या घाटातल्या वळणावर होणार नाही असे कोणी लिहून देत नाही.

काम अर्ध्या तासाचे आहे. गाडीचा पुढचा भाग जॅकने उचलून चेसिसखाली पक्के स्टँड लावा. स्टँड नसेल तर सागाचे किंवा बाभळीचे जाड ठोकळे चालतील. जांभ्याचा चिरा किंवा वीट अजिबात नको. जांभा वरून घट्ट दिसतो आणि एका कोपऱ्यावर भार आला की न सांगता फुटतो. चाक काढा. ट्रनियनच्या अंगाला एक छोटा प्लग असतो, तो काढून त्याच आट्यांचे ग्रीस गनचे निपल लावा. ग्रीस गन रॉकेलने धुऊन तिच्यात ईपी ९० तेल भरा. गन तेलाला गळते, म्हणून खाली कापड धरा. वरच्या सीलपाशी तेल पाझरताना दिसेपर्यंत पंप मारत राहा, मधूनमधून हब (चाक बसते तो भाग) डावीउजवीकडे पूर्ण फिरवा. आधी काळपट, मग गंजाच्या रंगाचे आणि शेवटी स्वच्छ तेल येते. स्वच्छ आले की निपल काढून प्लग परत बसवा. पुस्तिकेत हे काम दर ६,००० मैलांना सांगितले आहे, म्हणजे साधारण १०,००० किलोमीटर. हौसेची गाडी वर्षाला तेवढी पळतच नाही. तेव्हा आपल्याकडे किलोमीटर न मोजता मृगाच्या आधी एकदा आणि दसऱ्याला एकदा करावे.

कितीही पंप मारला तरी वर तेल आले नाही, तर आत जुन्या ग्रीसचा खडा आहे असे समजा. मग दांडी ट्रनियनमधून उलट फिरवून बाहेर काढण्याशिवाय गत्यंतर नाही. इथे लक्षात ठेवायचे ते हे की दोन बाजूंचे आटे एकमेकांच्या उलट आहेत: उजव्या बाजूला सरळ, डाव्या बाजूला डावे. भाग बाहेर काढताना खुणा करून ठेवा. आटे रॉकेल आणि पितळी ब्रशने साफ करून उन्हात धरून बघा. नख अडकेल एवढा गंजाचा खड्डा दिसला की दांडी बाद. वेल्डिंगने भरून लेथवर आटे पाडून देतो म्हणणारे भेटतील. त्यांचे ऐकू नका. मूळ दांडी फोर्ज केलेली असते आणि वेल्डिंगची उष्णता लागलेली जागाच पुढे तुटते. नवी फोर्ज केलेली दांडी इंग्लंडातून मागवता येते. परत बसवताना ट्रनियन पूर्ण आत फिरवून मग चाक दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळेल एवढे मागे घ्यावे. तळाशी घट्ट आवळून ठेवले तर पहिल्याच मोठ्या वळणावर ते अडते.

मग ग्रीस कुठे? मागच्या हबच्या बेअरिंगला, तिथला प्लग काढून. स्टिअरिंग रॅकला चार-पाच ठोके, त्याहून जास्त नाही, नाहीतर रबरी भाता फुगून फाटतो. प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसला, निपल असतील तर. बास.

लेखात पानांचा उल्लेखच नाही, तो हवा होता. या गाडीचे नट-बोल्ट इंची आहेत. आपल्याकडच्या मेस्त्रींच्या पेटीत मिलिमीटरचे पाने असतात. अर्ध्या इंचाचे डोके १२.७ मिलिमीटर भरते, त्यावर १३ चा पाना बसतो खरा, पण जोर लावला की कोपरे मारले जातात. ७/१६, १/२, ९/१६ आणि ५/८ हे चार रिंग पाने आधी घ्या. निम्मी गाडी त्यांवर उघडते. ज्यांच्याकडे एमजीची जुनी टी-मालिका आहे त्यांचा घोळ याहून मोठा आहे: तिच्या इंजिनाचे आटे मेट्रिक आणि डोकी व्हिटवर्थ मापाची. तिथे अंदाजाने पाना लावूच नये.

इंजिनाच्या कामाला परगावी जायची गरज नाही, हे मात्र लेखात बरोबर आहे. बेळगावच्या उद्यमबागेत आणि कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात क्रँक ग्राइंडिंग, बोअरिंग, व्हॉल्व्हच्या सीट बसवणे ही रोजची कामे आहेत. पण काम देताना नेमके काय सांगायचे ते गाडीवाल्याला ठाऊक हवे. क्रँक १०, २० किंवा ३० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) अंडरसाइजला घासतात. घासताना जर्नलच्या, म्हणजे बेअरिंग बसते त्या भागाच्या, कोपऱ्याची गोलाई तशीच ठेवायला सांगा. ट्रॅक्टरच्या क्रँकवर हात बसलेला कारागीर कधीकधी कोपरा सरळ काढतो, आणि त्याच रेघेवर पुढे क्रँक तडकते. एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हना कडक पोलादी सीट बसवून घ्या. शिसेयुक्त पेट्रोल आपल्या देशात २००० साली पूर्ण बंद झाले. त्यातले शिसे ओतीव लोखंडाच्या सीटला राखत होते. ते गेल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हळूहळू हेडमध्ये रुततो. ओळखायची खूण अशी: टॅपेटची फट दर वेळी कमी झालेली सापडते.

टॅपेटची फट गार इंजिनावर १० थाऊ. लावताना नवाचा हिशेब वापरावा: आठ व्हॉल्व्हपैकी जो पूर्ण दाबलेला असेल त्याचा क्रमांक नवातून वजा करा, उरेल तो लावा. आठवा दाबला की पहिला, सहावा दाबला की तिसरा. स्पार्क प्लगची फट २५ थाऊ, डेल्कोतल्या (ठिणगी वाटून देणाऱ्या डब्यातल्या) पॉइंटची १५.

या इंजिनाची एक जुनी खोड अशी की क्रँकला पुढेमागे सरकू न देणाऱ्या दोन अर्धगोल थ्रस्ट वॉशर मागच्या मेन बेअरिंगपाशी असतात. सिग्नलला क्लच दाबून उभे राहण्याची सवय असेल तर त्या झिजतात, आणि पुरत्या झिजल्या की सुटून चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात, पडतात. मग क्रँक थेट ब्लॉक खाते आणि ब्लॉक भंगारात जातो. विकत घेण्यापूर्वी ही परीक्षा जरूर करा. इंजिन बंद ठेवून एकाने क्लच दाबावा आणि सोडावा, दुसऱ्याने पुढच्या पुलीकडे बघत राहावे. पुली पुढे सरकलेली डोळ्यांना दिसली की वॉशर गेल्या. डायल गेजवर चार ते आठ थाऊ चालते. त्यापुढे गेले असेल तर नव्या, गरज पडल्यास पाच थाऊ जाड वॉशर घालाव्यात. इंजिन न उतरवता, चेंबर खोलून हे जमते.

पत्र्याकडे वळू. लेखात "आधी रंग, म्हणजे उत्साह टिकतो" असे म्हटले आहे. उत्साह टिकेल, गाडी टिकणार नाही. स्पिटफायरला हेराल्डसारखी चेसिसची बाजूची पट्टी नाही. ती काढून टाकली आणि तिचे काम दरवाजाखालच्या पेटीला, म्हणजे सिलला दिले. त्यामुळे सिल सडली की गाडी मधोमध वाकते. दरवाजा आणि मागचे मडगार्ड यांच्यामधली फट बघा. वर अरुंद आणि खाली रुंद असेल तर गाडी बसली आहे. चेसिसच्या मध्याखाली जॅक लावून थोडे उचलल्यावर दरवाजा उघडेनासा झाला, तर शंकाच नको. रंगाखाली लांबी (पुट्टी) किती भरली आहे हे कळायला साधे लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून फिरवा. जिथे धरत नाही तिथे पत्रा नाही.

दोन्ही सिल एकदम कापणे ही सर्वात महाग चूक. त्यानंतर गाडीचा आकार कशालाच धरून राहत नाही आणि दरवाजे आयुष्यात पुन्हा नीट बसत नाहीत. आधी गाडीचा भार सस्पेन्शनच्या जागी घेऊन चेसिस चारी कोपऱ्यांत समपातळीत आणा. दरवाजा बसवून फट सारखी करा. मग दरवाजा काढून त्या चौकटीत पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत २५ मिलिमीटरचा चौकोनी पाइप आडवा आणि एक तिरका टाक्यांनी जोडा. आता एकच बाजू कापा. सिलला तीन थर आहेत: आतली, मधली बळकटीची पट्टी आणि बाहेरची. मधली पट्टी टाळून फक्त बाहेरची बसवणे ही बाजारातली नेहमीची पळवाट. वरून काहीच कळत नाही, आणि काम करून देणाऱ्यालाही ते ठाऊक असते. पत्रा २० गेज घ्या. मूळ स्पॉट वेल्डच्या जागी ६ मिलिमीटरची भोके पाडून मिग वेल्डिंगने भरा, दर २५-३० मिलिमीटरला एक. सलग शिवण ओढू नका. एक टाका इकडे, पुढचा लांब तिकडे, असे उड्या मारत गेले की पत्रा तापून वेडावाकडा होत नाही. दोन पत्रे जिथे एकमेकांवर बसतात तिथे आधी जस्ताचा प्रायमर. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडा आणि पेट्रोलची टाकी उतरवून अंगणात लांब ठेवा. प्रत्येक टप्प्यावर दरवाजा टेकवून फट पुन्हा बघा. शेवटी सिलच्या पोटात मेण किंवा कॅव्हिटी वॅक्स नळीने फवारा आणि खालची पाणी निचऱ्याची भोके उघडी ठेवा. ती भोके अंडरकोटिंगने बुजवून टाकल्यामुळे नव्या सिल दोन-तीन पावसाळ्यांत सडतात.

रंग त्यानंतर, आणि तोही फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. जूननंतरच्या दमट हवेत नायट्रोसेल्युलोज रंगावर पांढरट धुके चढते. टू-के (हार्डनर मिसळून मारायच्या) रंगातला हार्डनर फुप्फुसाला घातक असतो. ताज्या हवेची नळी असलेला मास्क नसेल तर घरी मारू नका, बूथवाल्याला द्या. हेराल्डचे छप्पर कापून स्पोर्ट्स कार करण्याचे वेड काहींना असते. त्याबद्दल शेवटी कागदपत्रांपाशी लिहिले आहे.

पेट्रोलविषयी लेखात "आजचे पेट्रोल चालते, फक्त टाकी भरून ठेवावी" एवढेच आहे. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. ऊस आपल्याच चिकोडी-अथणीच्या शिवारातला, गाळप आपल्याच कारखान्यांतले, तेव्हा तक्रार कोणाकडे करायची हा प्रश्नच आहे. पण साठ वर्षांपूर्वीच्या रबराला हे मिश्रण सोसत नाही. जुनी नळी आतून मऊ होऊन तिचे काळे कण कार्बोरेटरच्या सुईशी अडकतात आणि फ्लोट चेंबर (कार्बोरेटरची पेट्रोलची वाटी) वाहू लागतो. खाली एक्झॉस्ट तापलेला असतो, हे वेगळे सांगायला नको. सगळ्या रबरी नळ्या बदला. नव्या नळीवर एसएई जे ३० आर ९ असे छापलेले असावे. नुसते "फ्युएल होज" लिहिलेली नको. पंपाचा पडदा, टाकीतल्या काट्याचे बुचाचे पॅकिंग आणि फ्लोटची सुई हेही इथेनॉलला टिकणाऱ्या जातीचे घ्या. टाकीत पूर्वी कोणी सीलर ओतला असेल तर तो आता पापुद्र्याने सुटतो, तेव्हा टाकी उतरवून आत टॉर्च मारून बघा.

इथेनॉल हवेतले पाणी ओढते. एका मर्यादेपुढे पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. पेट्रोल उचलणारी नळी तिथेच असते. अर्धी टाकी ठेवून चार महिने गाडी उभी करणे सर्वात वाईट, कारण वरच्या रिकाम्या जागेतली दमट हवा रोज आतबाहेर करते. पावसाळाभर गाडी हलणार नसेल तर टाकी आणि दोन्ही फ्लोट चेंबर रिकामे करा आणि आत पातळ तेलाचा हात फिरवा. पंधरा दिवसांनी एखादी फेरी होणार असेल तर थोडे थोडे ताजे भरत जा.

इथेनॉलमुळे मिश्रण सुमारे आठ टक्क्यांनी लीन होते, म्हणजे त्यात हवेच्या मानाने इंधन कमी पडते. गंमत अशी की बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच आहे आणि विरळ हवेत कार्बोरेटर आपोआप थोडा रिच (इंधन जास्त) चालतो, म्हणून निम्मा हिशेब इथे भरून निघतो. पण हीच गाडी चोर्ल्यातून पणजीला उतरवली की लीनपणा पुरता जाणवतो: गॅस दिला की अडखळते, इंजिन तापते. म्हणून एसयू कार्बोरेटर नव्याने लावून घ्यावेत. वरचा डॅशपॉट, म्हणजे पिस्टनवरचे टोपण, काढा. दोन कार्बोरेटरचे डॅशपॉट आणि पिस्टन आपसात बदलू देऊ नका, ते जोडीने बनवलेले असतात. जेट पुलाच्या (पिस्टन जिथे टेकतो त्या उंचवट्याच्या) पातळीला आणा, मग खालचा नट बारा बाजू, म्हणजे दोन फेरे, खाली फिरवा. डॅशपॉट बसवून पिस्टन बोटाने उचलून सोडा. खाली टेकताना "टक" असा स्वच्छ आवाज आला पाहिजे. नाही आला तर पिस्टन घासतो आहे, आणि पुढची सगळी मेहनत फुकट. इंजिन पुरते गरम झाल्यावर दोन्ही कार्बोरेटरच्या तोंडाशी रबरी नळीचे एक टोक आणि कानाशी दुसरे धरून फुसफुस सारखी करा. मग एकेका पिस्टनला एक मिलिमीटरहून कमी उचला. इंजिनाचा वेग वाढून वाढलेलाच राहिला तर रिच, लगेच पडला तर लीन, क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झाला तर बरोबर. लीन असेल तर नट एकेक बाजू खाली, रिच असेल तर वर. प्लगचे चिनीमातीचे टोक भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाचे असावे. या पेट्रोलवर ते थोडे फिकट दिसते, त्याला घाबरू नका, पण पांढरेफटक झाले तर नट आणखी एक बाजू खाली घ्या. डॅशपॉटमध्ये वीस ग्रेडचे पातळ इंजिन ऑइल. ते कोरडे राहिले की गॅस देताना गाडी गचके खाते, आणि मेस्त्री उगाच डेल्को उघडून बसतो.

तेले कोणती, हेही कमी महत्त्वाचे नाही. इंजिनाला २०डब्ल्यू-५०, फिल्टरसह साधारण साडेचार लिटर. आधुनिक गाडीचे पातळ तेल नको, त्यात कॅम आणि टॅपेटला राखणारे जस्त कमी असते. गिअरबॉक्सला जीएल-४ दर्जाचेच तेल मागा. दुकानदार "त्यापेक्षा भारी" म्हणून जीएल-५ देतो, आणि त्यातली काही तेले गिअरबॉक्सच्या आतल्या पितळी भागांना खातात.

ब्रेकमध्ये काटकसर करू नका, कारण सुरुवातीच्या स्पिटफायरला आणि हेराल्डला ब्रेकचे एकच सर्किट आहे. एक पाइप फुटला की चारी चाके मोकळी. गंजलेल्या पाइपच्या जागी फ्रिजवाल्याकडची मऊ तांब्याची नळी वापरतात. ती थरथरीने कडक होऊन चिरते. ३/१६ इंची तांबे-निकेल मिश्रधातूची नळी घ्या. मास्टर सिलिंडरला खड्डे असतील तर तो फेकू नका, उद्यमबागेत स्टेनलेस स्लीव्ह घालून मूळ मापाला आणता येतो. रबरे साफ करायला पेट्रोल, डिझेल किंवा इंजिन ऑइल लावू नका, फुगून बसतात. डॉट ४ ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी पूर्ण बदला, आपल्या हवेत ते पाणी फार लवकर ओढते. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वात लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात. जुन्या ब्रेक शूच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकते, तेव्हा ड्रम उघडल्यावर हवेने फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा.

टायरचे सोपे आहे: १४५/८० आर १३ हे माप आजच्या छोट्या गाड्यांचेही आहे. बाजूवरचे चार आकडे आठवडा आणि साल सांगतात; नक्षी शाबूत दिसली तरी सहा-सात वर्षांपलीकडचे टायर काढा. पंपावरचा मुलगा चारी चाकांत ३२ पाउंड भरतो, तसे भरू देऊ नका. मागच्या चाकांत पुढच्यापेक्षा पाच-सहा पाउंड जास्त हवी. १९७० पूर्वीच्या गाडीचे मागचे सस्पेन्शन स्विंग ॲक्सलचे आहे. वळणात वेगात असताना गॅस एकदम सोडला की मागचे बाहेरचे चाक आत दुमडते आणि गाडी फिरते. आंबोलीच्या वळणांआधी वेग कमी करा, वळणात नाही.

वायरिंगमध्ये एक गोष्ट प्रत्येक मेस्त्रीला सांगून ठेवा: १९६७ च्या आसपासपर्यंतच्या या गाड्यांत बॅटरीचे प्लस टोक अर्थला असते. सवयीने मायनस अर्थला लावले की डायनामोची दिशा बॅटरीशी उलटी पडते. कायमचे मायनस अर्थ करायचे असेल तर बॅटरी उलटी लावून, कटआउटकडची (चार्जिंगच्या डबीकडची) एफ वायर डायनामोवरून सोडून, डायनामोच्या एफ टोकाला बॅटरीच्या प्लसचा क्षणभर स्पर्श द्यावा आणि कॉइलच्या दोन वायरींची अदलाबदल करावी. सेल्फ मंद फिरत असेल तर बॅटरी विकत घेण्याआधी इंजिन ते चेसिसची पट्टी घासून साफ करा.

गाडी ठेवायची कशी हे गावागणिक बदलते. अथणी-चिकोडीच्या कोरड्या बाजूला नुसते छप्पर पुरते. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे ओल वरून येते तशी जमिनीतूनही येते. शहाबादी फरशीवर जाड प्लॅस्टिकचा कागद, त्यावर फळ्या, त्यावर गाडी. अंगावर सुती चादर; ताडपत्री घातली की आत घाम धरतो. हँडब्रेक सोडून चाकांना ठोकळे लावा, नाहीतर शू ड्रमला धरून बसतात. उंदरांसाठी एक्झॉस्टच्या तोंडात जाळी.

आता कागदपत्रे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली खासगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, तिच्या क्रमांकात व्हीए ही अक्षरे येतात. नवी नोंदणी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी. पुढे नूतनीकरण ५,००० रुपये. मात्र अशी गाडी रोज बाजाराला नेता येत नाही: प्रदर्शन, रॅली, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर. चेसिस, बॉडी आणि इंजिन मूळ स्वरूपात असावे लागते, त्यामुळे छप्पर कापलेली हेराल्ड इथे अडकते. ज्यांना गाडी नेहमी चालवायची आहे त्यांनी साधी नोंदणीच चालू ठेवावी.

आपल्या सीमेवर आणखी एक गोष्ट. कोल्हापूर-सांगलीची गाडी बेळगावात बारा महिन्यांपेक्षा जास्त राहणार असेल तर कलम ४७ नुसार इथला क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओकडून फॉर्म २८ वर ना-हरकत आणि मालकी बदलासाठी फॉर्म २९ व ३० विकणाऱ्याच्या सहीने, पैसे देण्याआधी हातात घ्या. इंजिन क्रमांक आरसी पुस्तकाशी ताडून बघा. पहिल्या दोन मार्कच्या (आवृत्त्यांच्या) स्पिटफायरचा क्रमांक एफसी ने सुरू होतो, तिसऱ्याचा एफडी ने. दुसऱ्याच अक्षरांचा निघाला तर इंजिन बदललेले आहे, आणि ते आरसीत नोंदवलेले नसेल तर ना-हरकत तिथेच थांबते.

ट्रनियनविषयीची दुरुस्ती तरी मृग लागण्यापूर्वीच्या अंकात छापावी, ही विनंती.

आपला,
जुन्या गाड्यांची कामे करणारा एक वाचक
शहापूर, बेळगाव